वडिलांच्या बुटांना लेस किती लांबीची घ्यावी? संध्याकाळी पाय सुजतो आणि लेस पुरत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न साध्या लेसचा आहे, पण महिनाभर सुटत नाहीये म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील ७१ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर काळे चामडी बूट वापरले आणि रोज पहाटे ओट्यावर बसून स्वतः लेस बांधली. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली, शीर उजव्या पायातून काढली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालायला सांगितलंय. सकाळी काही अडचण नसते. संध्याकाळपर्यंत मात्र उजवा पाय घोट्यापासून चवड्यापर्यंत भरून येतो. डॉक्टरांना दाखवलंय. शीर काढलेल्या पायाला काही महिने असं होतं, बसताना पाय उंच ठेवा, असं ते म्हणाले.

बूट पायात चढतो. पण लेस ओढून वरपर्यंत आणली की गाठ मारायला टोकंच उरत नाहीत. मग बाबा वरच्या दोन जोड्या सोडून देतात आणि चौथ्या भोकापाशीच बांधतात. त्यामुळे टाच बुटात बसत नाही. गेल्या मंगळवारी जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर उजवी टाच बुटातून वर आली आणि ते भिंतीला धरून कसेबसे थांबले. "असू दे गं, जरा घसरलो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते चालायला निघाले की मी दारात उभी असते.

बूट जाळीच्या कापडाचे, चालण्याचे. एका बाजूला सहा भोकं, म्हणजे सहा जोड्या. बुटाबरोबर आलेली लेस ११० सेंमी. नवी आणायला बाजारात गेले तर दुकानदाराने विचारलं, "किती होलचा बूट?" मी म्हटलं सहा. त्याने जी दिली ती घरी आणून मोजली तर ६० सेंमी! तो एकूण सहा भोकं धरत होता, मी एका बाजूची. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आकडाच सांगितला, १२० ची द्या. पाकिटावर १२० होतं. शिवणाच्या टेपने मोजली, ११३ भरली. ती घालून पाहिली, संध्याकाळी तरीही कमी पडते.

आता तिसऱ्यांदा अंदाजाने आणायची नाही असं ठरवलंय. लांबी काढायची नीट पद्धत काय? माझी मापं देते. एका भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत, पाय बुटात असताना आणि बाबा उभे असताना: सकाळी सरासरी ५ सेंमी, संध्याकाळी ६.२. एका भोकापासून त्याच बाजूच्या वरच्या भोकापर्यंत १.८ सेंमी.

घाटवाट

ताई, १४० घ्या आणि दुहेरी गाठ मारा. सहा-सात जोड्यांना १२० ते १४० लागतेच. माझ्या ट्रेकच्या बुटांना पाच जोड्या भोकं आणि वर दोन जोड्या हूक आहेत, त्यांना १६० लागते. कारण उतरताना टाच घट्ट राहावी म्हणून मी वर लेसचा फास करून त्यातून दुसरं टोक काढतो, त्यात आठ-दहा सेंमी सहज जातात. तसं केलं नाही तर नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद तीव्र उताराच्या घळीतून, उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

मोजायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. हाताला येईल ती लांब लेस ओवायची, पायात बूट घालून फुलगाठ बांधायची, जास्तीचं टोक जिथून नको वाटतं तिथे पेनाने खूण करायची. सोडून मोजायची. सुतळीने करू नका. ती भोकात रुतते आणि गाठीत लेसपेक्षा वेगळी बसते, माप चुकतं.

आणि दुकानात सेंमी की इंच ते आधी विचारा. माझ्या एका मित्राने ५४ सांगितलं होतं इंचात, म्हणजे १३७ सेंमी, आणि त्याला ५४ सेंमीची मिळाली.

कृष्णाकाठ

आभार दादा. १४० ची करून पाहिली, भावाच्या बुटाची काढून. संध्याकाळी छान बसली. पण सकाळी पाय उतरलेला असतो तेव्हा फुलगाठीचे फास जवळजवळ जमिनीला टेकतात. दुहेरी गाठ मारली तर ती सोडायला बाबांना बराच वेळ वाकावं लागतं आणि छातीच्या टाक्यांमुळे त्यांना तेच नको असतं. सकाळसाठी एक आणि संध्याकाळसाठी एक अशी लेस रोज बदलणं तर शक्य नाही.

अप्परवाला

ताई, मी मुंबईतल्या ठक्कर बाप्पा कॉलनीत २६ वर्षं बुटांचे अप्पर, म्हणजे तळव्यावरचा भाग, शिवले. आता डोळ्यांमुळे मशीन बंद आहे, पण बूट पाहिला की हात अजून भोकांकडे जातो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

लोक म्हणतात अमुक भोकांना अमुक लेस. आम्हीही कारखान्यात तसंच करायचो. बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढलेला असतो, भोकांच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढी फट ठरवलेली असते त्यावर लेस ओवायची, दोन्हीकडे वीतभर टोक सोडायचं, झाली लांबी. पण फर्मा सुजत नाही. माणसाचा पाय रुंद असेल, वरचा उंचवटा जास्त असेल किंवा दिवसभरात भरत असेल, तर फट वाढते. फट वाढली की प्रत्येक तिरकी ओढ लांबते आणि ती सगळी लांबी टोकांतून जाते. भोकं तेवढीच राहतात, लेस मात्र कमी पडते. तुमच्या बाबतीत हेच झालंय.

आता एक गोष्ट बघा. बाबांना संध्याकाळी बूट घालून उभं करा आणि समोरून पट्ट्यांकडे पाहा. दोन्ही पट्ट्या खालपासून वरपर्यंत सारख्या अंतरावर आहेत, की मध्ये फुगल्यात, की वर उघडल्यात? मध्ये फुगल्या असतील तर पायाचा उंचवटा तिथे आहे आणि तिथली लेस पायावर दाबतेय. वर उघडल्या असतील तर सूज घोट्याजवळची आहे. तळाशीच ताणल्या असतील तर बूट चवड्याला अरुंद आहे, आणि मग लेस कितीही लांब घ्या, बूटच बदलावा लागेल. तळाशी ताणलेल्या बुटात लेस सैल करून लोक वर्षानुवर्षं चालतात आणि करंगळीला घट्टे पाडून घेतात. मला ते पाहवत नाही.

अजून एक. आतला सुकतळा काढून बघितलात का? जाड असेल तर त्याजागी पातळ घालता येतो. तेवढ्याने पाय खाली बसतो आणि वरची फट कमी होते. मात्र दोन्ही बुटांत सारखाच घाला, नाहीतर चाल वाकडी होते.

जुन्या चामडी बुटांचं सांगतो, कारण बाबा ते घालायचे म्हणालात. त्यात दोन जाती. एकात पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या, तो ऑक्सफर्ड. दुसऱ्यात पट्ट्या वरून शिवलेल्या आणि पंखासारख्या उघडणाऱ्या, तो डर्बी. सुजणाऱ्या पायाला ऑक्सफर्ड कधीच देऊ नये, तो उघडतच नाही. पुढेमागे बाबांना चामडी घ्यावासा वाटला तर डर्बीच बघा.

कृष्णाकाठ

काका, आज संध्याकाळी सांगितलंत तसं पाहिलं. तळाशी काही ताण नाही, पहिल्या दोन जोड्या जवळजवळ सकाळसारख्याच आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीपाशी सगळ्यात जास्त फुगलंय, आणि मोजे काढल्यावर नेमक्या तिथेच फुलीचे वळ उठलेले दिसले. बाबा कधी बोलले नाहीत. सुकतळा पातळच आहे, त्यात काही करता येणार नाही.

अप्परवाला

मग तिसऱ्या-चौथ्या जोडीच्या मध्ये फुली घालूच नका. तिथे लेस आतल्या बाजूने, पट्टीच्या कडेने सरळ वर न्या. पायावर काही येणार नाही. उंच पायाच्या गिऱ्हाइकाला आम्ही हेच करून द्यायचो.

पाच_मजले

मी दहावीला गणित शिकवतो. अप्परवाला काकांनी सांगितलेलं आकड्यांत मांडतो, कारण ताईंनी मापं फार नेटकी दिली आहेत आणि त्यातून अचूक उत्तर निघतं.

नेहमीच्या फुलीच्या ओवणीत तळाशी लेसची एक आडवी पट्टी असते. सहा जोड्यांमध्ये पाच मजले, प्रत्येक मजल्यावर दोन तिरक्या, म्हणून दहा तिरक्या. एका तिरकीची लांबी पायथागोरसने काढायची. सकाळी ५ आणि १.८ वरून ५.३ येते, संध्याकाळी ६.२ आणि १.८ वरून ६.५. म्हणजे बुटात अडकलेली लेस सकाळी ५ + ५३ = ५८ सेंमी आणि संध्याकाळी ६.२ + ६४.६, म्हणजे सुमारे ७१. लेस पट्टीच्या जाडीतून वर-खाली होते त्याचे बारा भोकांना मिळून ५ सेंमी धरा. सकाळी ६३, संध्याकाळी ७६.

तुमच्या ११० च्या लेसमधून संध्याकाळी ३४ उरतात, एका बाजूला १७. एवढ्यात फुलगाठ होत नाही, बोटं ताठ असतील तर नाहीच. साधारण २५ लागतात, वयस्कर माणसाला २८-३० असले तर सुखाचं. ११३ च्या लेसने एका बाजूला जेमतेम दीड सेंमी वाढला. आणि १४० घेतली तर संध्याकाळी ३२, सकाळी ३८. म्हणूनच सकाळी फास जमिनीला टेकले.

खरी अडचण ही की दोन वेळांत एकूण १३ सेंमींचा फरक पडतो. कुठलीही एक लांबी घेतली तरी तो फरक राहणारच. तो कमी करायचा तर तिरक्या कमी करायला हव्यात, कारण फट वाढल्यावर तिरकी लांबते, पण बाजूने सरळ वर जाणारा तुकडा १.८ च राहतो.

मोनॅश विद्यापीठातले गणिती बर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये हा प्रश्न सोडवला होता. सगळ्यात कमी लेस लागते ती बो-टाय ओवणीला, म्हणजे एका मजल्यावर फुली, पुढच्या मजल्यावर बाजूने सरळ, असं आलटून पालटून. आणि ओढून घट्ट बसवायला सगळ्यात जोरदार ठरतात फुलीची नेहमीची ओवणी आणि आडव्या पट्ट्यांची. शेकडो वर्षं लोक हाताच्या सवयीने जे करत आले तेच जोरदार निघालं, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

तुम्हाला दोन्हींतलं हवंय. मध्ये दाब नको, पण टाचेसाठी वर पकड हवी. म्हणून असं करा. तळाची आडवी पट्टी बाहेरून घ्या, दोन्ही टोकं पहिल्या भोकांतून आत. आतल्या बाजूने सरळ वर, दुसऱ्या भोकांतून बाहेर. आता फुली, तिसऱ्यांतून आत. पुन्हा आतून सरळ वर, चौथ्यांतून बाहेर. इथून पुढे नेहमीसारखं: फुली घालून पाचव्यांतून आत, आतल्या आत फुली घालून सहाव्यांतून बाहेर. तिरक्या दहाच्या सहा झाल्या, सरळ तुकडे चार.

हिशोब: संध्याकाळी ६.२ + ३८.७ + ७.२ = ५२, भोकांचे ५ धरून ५७. सकाळी ५ + ३१.९ + ७.२ = ४४, भोकांसह ४९. फरक १३ वरून ८ वर आला. आणि तुमच्याकडे पडून असलेली ११३ ची लेस लावली तर संध्याकाळी एका बाजूला २८, सकाळी ३२. नवी घ्यायची गरज नाही.

सकाळपाळी

मी परिचारिका आहे, हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात काही वर्षं काम केलंय. लेसचं उत्तर मिळालंच आहे, पायाबद्दल दोन गोष्टी.

डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले असतील तर मापं ते मोजे घालूनच घ्या, जाडीने फरक पडतो. आणि वर दिलंय त्याप्रमाणे हळूहळू येणारी, रात्री पाय वर ठेवल्यावर उतरणारी सूज ओळखीची असते. पण एखाद्या दिवशी पोटरी एकदम दुखायला लागली, लाल किंवा गरम झाली, सूज सकाळीही उतरली नाही, वजन दोन-तीन दिवसांत वाढलं किंवा धाप लागली तर बुटाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

लेस बांधताना वाकणं टाळायला आम्ही रुग्णांना खुर्चीवर बसून पाय छोट्या स्टुलावर ठेवायला सांगतो. आधी तळापासून एक एक मजला ओढत वर यायचं. फक्त वरची टोकं खेचली तर खालचं सगळं सैलच राहतं.

घाटवाट

माझं १४० मागे घेतो. पाच_मजले सरांचं पटलं.

एकच भर घालतो. गाठ सुटण्यावर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये अभ्यास केला होता. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठ ताणते आणि सैलावते, आणि त्याच वेळी झुलणारी टोकं तिला ओढत राहतात. दोन्ही मिळून गाठ बघता बघता सुटते. म्हणजे टोकं उगाच लांब असली की झोल्याने गाठ लवकर उकलते, फक्त पायात अडकण्याचाच धोका नसतो.

आणि फुलगाठ बांधून झाल्यावर फास कसे पडलेत ते बघा. बुटावर आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे पडले तर गाठ बरोबर. बोटांकडून घोट्याकडे असे उभे पडले तर पहिली अढी आणि दुसरी अढी एकाच दिशेने घातली गेलीय, ती टिकत नाही. पहिली अढी उलट दिशेने घातली की झालं. वयाच्या पस्तिशीपर्यंत मी चुकीची बांधत होतो आणि प्रत्येक ट्रेकला दोनदा थांबत होतो.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन दिवस थांबले, म्हटलं नीट पाहूनच लिहावं.

११३ ची लेस पाच_मजले सरांनी सांगितलं तशी ओवली. पहिल्यांदा तिसऱ्या भोकातून आत जायच्या ऐवजी बाहेर काढली आणि सगळं उलटं झालं, पुन्हा सोडून केलं. संध्याकाळी बाबांना स्टुलावर पाय ठेवायला लावला. त्यांनी खालून एक एक मजला ओढला, सहाव्या भोकापर्यंत आले आणि फुलगाठ घातली. मी टेप घेऊन बसले होते. उरलेलं टोक उजवीकडे २७.५, डावीकडे २८. सकाळी ३१ आणि ३२. हिशोब इतका बरोबर येईल असं वाटलं नव्हतं.

अप्परवाला काका, मोजे काढून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या जोडीपाशी आता वळ नाही. पाचव्यापाशी हलकासा आहे, तो अर्ध्या तासात गेला. टाच बुटात बसते. जिना उतरताना मी एक पायरी पुढे राहून पायाकडेच बघत होते, टाच हलली नाही.

सकाळपाळी ताई, दाबाचे मोजे आहेत, मापं त्यातच घेतली होती. बाकीचं सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

घाटवाट दादा, बाबांचे फास उभे पडत होते. मी सांगितलं की पहिली अढी उलटी घाला, तर म्हणाले एवढी वर्षं अशीच बांधली. मग मी एका बुटाला त्यांच्या पद्धतीने आणि दुसऱ्याला तुम्ही सांगितलं तशी बांधली आणि तसंच फिरायला पाठवलं. परत आले तेव्हा त्यांच्या पद्धतीची सैल झाली होती, दुसरी तशीच होती. काही बोलले नाहीत. आज सकाळी ओट्यावर बसून नवीन अढीची पाच-सहा वेळा सवय करताना दिसले.

डाव्या पायाला सूज नाही, त्या बुटाला जुनी ११० चीच फुलीची लेस ठेवली होती. काल रात्री म्हणाले, "तिलाही तशीच ओवून दे, दोन्ही पायांना वेगवेगळं नको." डाव्यासाठी त्याच पाकिटातली दुसरी लेस आहे. ती आत्ताच मोजून पाहिली, तीही ११३ च आहे. आज ओवते.